८६५ गावं, गावकूस एकच

६ डिसेंबर २०२२. दादरला लाखोंची रांग. रात्रपाळी करून डॉकातून सरळ आलो होतो, पाठ मोडलेली, पण या दिवशी पाठ दुखते म्हणायची सोय नसते. माझ्या पुढं अक्कलकोटकडची एक म्हातारी. दुपारी पोरांच्या मोबाइलवर बातमी आली : बेळगावजवळ हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या ट्रका फोडल्या. संध्याकाळी दुसरी : पुण्यात कर्नाटकाच्या बसगाड्यांना काळं फासलं.

म्हातारीनं विचारलं, "काय झालं रं बाळा?"

म्हटलं, "आज्जी, बेळगाव कुणाचं यावरनं भांडण."

ती म्हणाली, "माझी ल्येक दिलीया इंडीला. तिला यायला गाडी चालू ऱ्हाईल का तेवढं सांग."

साऱ्या सीमाप्रश्नात मी ऐकलेला हा एकमेव शहाणा प्रश्न. याचं उत्तर ना मुंबईकडं, ना बंगळूरकडं, ना दिल्लीकडं.

आता भांडणाची जंत्री बघा. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची वाटणी झाली, बेळगाव-कारवार म्हैसूर राज्यात गेलं. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला, पण जखम उघडीच. १९६६ साली केंद्रानं निवृत्त सरन्यायाधीश मेहरचंद महाजन यांचा आयोग नेमला. १९६७ साली त्यांनी निकाल दिला : बेळगाव शहर म्हैसूरकडंच, निपाणी, खानापूर, नंदगड धरून २६४ गावं महाराष्ट्राला, आणि दक्षिण सोलापूर, अक्कलकोट, जत या पट्ट्यातली २४७ गावं तिकडं. महाराष्ट्र म्हणाला, मानत नाही. कर्नाटक म्हणतं, महाजन म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. २००४ साली महाराष्ट्र सुप्रीम कोर्टात गेला. २०१२ साली कर्नाटकानं बेळगावात सुवर्ण विधानसौध उभं केलं. २०१४ साली बेळगावचं बेळगावी केलं. कोर्टात दावा शिळा होत गेला, बाहेर दगड ताजे राहिले.

२०२२ च्या नोव्हेंबरात मुख्यमंत्री बोम्मईंनी आमच्या सोलापूर-अक्कलकोटवर हक्क सांगितला. १४ डिसेंबरला अमित शहांनी दोन्ही मुख्यमंत्र्यांना दिल्लीत बसवलं. ठरलं काय? कोर्टाचा निकाल येईपर्यंत कुणी दावा करायचा नाही, दोन्हीकडचे तीन-तीन मंत्री बसून बोलतील. आठ दिवसांत कर्नाटकाच्या विधिमंडळात ठराव : एक इंचही देणार नाही. २७ डिसेंबरला नागपुरात महाराष्ट्राचा ठराव, एकमतानं : बेळगाव, कारवार, निपाणी, बीदर, भालकीसह ८६५ गावं, इंच न् इंच घेणार. तेव्हा दिल्लीत भाजप, बंगळूरात भाजप, मुंबईत शिंदे-भाजप. एकाच वाड्याचे तीन दरवाजे आणि कुठलीच कडी निघेना! २०२३ साली बंगळूरात काँग्रेस आली, तरी कडी तशीच. कारण कडी गंजलेली नाही. ती मुद्दाम लावलेली आहे. प्रश्न सुटला तर सभेत बोंबलायचं काय?

असा पेच साहेबाच्या देशातही झाला. २३ जून २०१६ ला ब्रिटननं सार्वमत घेतलं : युरोपीय संघात राहायचं की बाहेर पडायचं. ५२ टक्के म्हणाले बाहेर, ४८ टक्के म्हणाले आत. मग पार्लमेंट साडेतीन वर्षं चिखलात रुतलं. थेरेसा मे बाईंचा करार १५ जानेवारी, १२ मार्च आणि २९ मार्च २०१९ असा तीनदा आपटला. गाडं अडलं मुख्यतः आयर्लंडच्या सीमेवर. १९९८ च्या करारानंतर तिथली नाकी उठली होती, माणसं सकाळी पलीकडं कामाला जाऊन संध्याकाळी अलीकडं भाकरीला येत होती. तिथं पुन्हा नाकं कसं बसवायचं यावर सारं अडलं. शेवटी ३१ जानेवारी २०२० ला ते बाहेर पडले.

यातली एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. बर्नली, ओल्डहॅम ही लँकेशायरमधली जुनी कापडगिरण्यांची गावं. गिरण्या गेल्या, भोंगे थांबले. या गावांनी सडकून बाहेर पडण्याच्या बाजूनं मत दिलं. गिरणी बंद केली भांडवलानं, आणि राग काढला परक्या माणसावर! सोलापूरकरा, ओळख पटते का? आपली जुनी मिल गेली, नरसिंग गिरजी गेली, लक्ष्मी-विष्णू गेली. चिमणी पडली की मालक कामगाराच्या हातात हिशेब देत नाही. पुढारी येतो आणि हातात झेंडा देतो. म्हणतो, हा घे, यानं पोट भर.

पण निदान तिथं माणसाला विचारलं तरी. इथं गोव्याला विचारलं, १६ जानेवारी १९६७ ला, महाराष्ट्रात यायचं का म्हणून. गोव्यानं नाही म्हटलं, विषय संपला. बेळगावला कुणी विचारलं? अक्कलकोटला? जतला? नाव घेतात जनतेच्या इच्छेचं, वकील लावतात कोट्यवधींचे, आणि जनता मात्र टोलनाक्यावर काचा वेचते. फुटलेल्या ट्रकमध्ये मालक बसलेला नसतो, भावांनो. ड्रायव्हर असतो, क्लीनर असतो. डॉकातही हेच बघतो. गाठोडी उचलताना गाठोड्याला भाषा नसते, मार लागला की मात्र खांदा आपलाच असतो.

आता मुळावर घाव घालतो. महाराष्ट्राची मागणी ज्या पाटसकर सूत्रावर उभी आहे त्याचा पहिला खांब : खेडं हा घटक. म्हणजे अख्खं खेडं एक माणूस समजायचं, एक भाषा, एक इच्छा. कुठलं खेडं रे? आपल्या खेड्यात पाटलाची वेशीपासून सुरू होणारी वस्ती आणि गावकुसाबाहेरचा आपला वाडा, या दोन जागा एका घटकात कधी बसल्या? इकडं महारवाडा-मांगवाडा, तिकडं होलगेरी-मादिगगेरी. भाषा बदलली, पाणवठा नाही. ४ नोव्हेंबर १९४८ ला बाबासाहेबांनी घटना समितीत उभं राहून खेड्याच्या या गोडव्याचा बुरखा फाडला आणि घटनेनं खेडं टाकून व्यक्ती हा घटक धरला याचं समाधान मानलं. व्यक्ती! आणि १९५५ साली भाषावार राज्यांवर लिहिताना धोक्याची घंटा वाजवली : भाषेचं राज्य म्हणजे त्या भाषेतल्या मोठ्या जातीचं राज्य होऊ शकतं, लहान जातींनी काय करायचं? त्यांनी तर मराठी मुलखाचीही मुंबई, पश्चिम, मध्य, पूर्व अशी चार राज्यं सुचवली. आज त्यांच्या पुतळ्याला हार घालून जे ८६५ गावं मोजतात, त्यांनी ही पानं उघडलेली नाहीत. उघडली असती तर हात भाजले असते.

पुरावा पाहिजे? कागद दाखवतो. घटनेच्या ३४१ व्या कलमाखाली अनुसूचित जातींची यादी राज्यवार असते. इंडी तालुक्यातली माझी एक वहिनी लग्न होऊन दक्षिण सोलापुरात आली. राखीव जागेचा अर्ज घेऊन एका कचेरीत गेली. कारकून म्हणाला, "बाई, तुमची जात कर्नाटकातली." भीमा ओलांडली की सवलत माहेरी राहते. पण सासरच्या गावात तिला कप वेगळा मिळतो तो कुठल्या राज्याचा? विटाळाला डोमिसाइल लागत नाही. दाखल्याला लागतं.

वडार घ्या. भीमेच्या पलीकडं भोवी-वड्डर म्हणून अनुसूचित जाती, अलीकडं विमुक्त जाती. म्हणजे पलीकडच्या वडाराला अॅट्रॉसिटी कायदा आहे, अलीकडं जन्मलेल्या त्याच्या चुलतभावाला नाही. एकाच आज्याची नातवंडं, एकच घण, एकच दगड. लमाण घ्या. कर्नाटकात अनुसूचित जाती, तेलंगणात अनुसूचित जमाती, महाराष्ट्रात विमुक्त. आणि कैकाडी! तो महाराष्ट्रातच विदर्भात अनुसूचित जाती आणि आमच्या सोलापुरात विमुक्त जाती. ज्या सोलापुरात गुन्हेगार जमातीच्या सेटलमेंटला तारेचं कुंपण होतं, तिथं १९५२ साली तार सुटली, यादीचं कुंपण सुटलं नाही. बेळगावच्या इंचासाठी ठराव करणाऱ्यांनी आधी आपल्याच घरातली ही सीमा पुसून दाखवावी.

आणि सौंदत्ती. यल्लम्माच्या डोंगरावर आपल्या सोलापूर-सांगली-कोल्हापूरच्या पोरी सोडल्या गेल्या, पिढ्यान्‌पिढ्या. ती वाट कधी सीमाप्रश्नानं अडली नाही. कर्नाटकाचा देवदासीबंदी कायदा १९८२ चा, महाराष्ट्राचा २००५ चा. मधली तेवीस वर्षं मराठी अस्मिता काय करत होती?

एकमताच्या ठरावाचं कौतुक आम्हाला सांगू नका. याच विधिमंडळानं २७ जुलै १९७८ ला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला होता. मग मराठवाडा पेटला. मराठी माणसानं मराठी माणसाची घरं जाळली. पोचिराम कांबळेला मारलं. नाव लागलं १४ जानेवारी १९९४ ला, तेही नामांतर नव्हे, नामविस्तार. सोळा वर्षं! तेव्हा मराठी भाषिकांचं ऐक्य कुठल्या गोठ्यात बांधलं होतं?

पलीकडं तेच. १९७३ साली मंत्री बसवलिंगप्पा म्हणाले, कन्नड साहित्यात बराचसा बूसा आहे, म्हणजे जनावरांचा कोंडा. भाषाभिमानी खवळले, दलित पोरांना चोपलं, बसवलिंगप्पांचं मंत्रिपद गेलं. कोलार भागात कंबालपल्लीला २००० साली सात दलित जिवंत जाळले, २००६ साली कोर्टानं आरोपी सोडले. त्याच २००६ साली इकडं खैरलांजी : एका घरातले चौघे ठेचले, आणि कोर्टाला त्यात जात दिसली नाही, अॅट्रॉसिटी कायदा लागला नाही. बघा, या बाबतीत दोन्ही राज्यांत कसलाच सीमावाद नाही. पूर्ण एकमत.

आता एक दोस्त मला म्हणतो, "तू महाराष्ट्रद्रोही. संयुक्त महाराष्ट्रासाठी आपली माणसं मेली. अण्णाभाऊंची शाहिरी विसरलास?" नाही विसरलो. शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन त्या समितीत होतं, गोळ्या कामगारानं खाल्ल्या, हे मला पाठ आहे. म्हणूनच विचारतो, १९६० नंतर कारखाने कुणाच्या नावावर चढले? उजनीचं पाणी कुठल्या उसानं प्यालं? २०२२ साली जत-अक्कलकोटातली गावं कर्नाटकात जातो म्हणाली ती कन्नडच्या प्रेमानं नव्हे, तहानेनं. त्यांनी तोंड उघडलं तेव्हा विस्तारित म्हैसाळ योजनेच्या फायली धावायला लागल्या. साठ वर्षं फायलीला पाय नव्हते?

आणि बेळगावच्या मराठी माणसाचं दुःख खोटं आहे असं मी म्हणत नाही. त्याला त्याच्या भाषेत सातबारा, शाळा, पाटी मिळत नसेल तर तो जुलूमच. १९८६ साली कन्नडसक्तीविरुद्ध माणसं रस्त्यावर उतरली आणि गोळीनं मेली. तो लढा हक्काचा आहे. पण मग अक्कलकोट-जतमधल्या कन्नड शाळेचं गळकं छप्पर हाही तोच लढा आहे. एक हक्क मागायचा आणि दुसरा दाबायचा, हा लढा नव्हे, धंदा आहे.

सोलापूर कुणाचं, म्हणता? १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात चार सोलापूरकर फासावर गेले : मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन. जा, त्यांच्या पुतळ्यांना भाषा विचारा. आमच्या मागावर शिवी मराठीत, हिशेब तेलुगूत, ओवी कन्नडात आणि प्रेम उर्दूत चालतं.

म्हणून दोस्तांनो, दगड खाली ठेवा, कागद हातात घ्या. मागणी सरळ आहे. कोर्टाचा निकाल कधी लागेल तेव्हा लागो. तोवर सीमेवरच्या तालुक्यांत जातीचा दाखला दोन्हीकडं चालला पाहिजे. त्यासाठी संसदेला कायदा करावा लागेल, करायला लावू. वडार, लमाण, कैकाडी यांना एक यादी, एक संरक्षण. दोन्हीकडं मातृभाषेत शाळा आणि सरकारी कागद. पाण्याचं वाटप तहानेवर, गडगंजांच्या उसावर नाही. आणि कर्नाटकातल्या दलित संघर्ष समितीच्या पोरांशी थेट बोलणं, मंत्र्यांच्या समितीमार्फत नव्हे. त्यांना मराठी येत नाही, आपल्याला कन्नड येत नाही. जय भीम दोघांना येतं. तेवढ्यावर सुरुवात होते.

जो आपल्याला ८६५ गावं मागायला बोलावतो त्याला एकच विचारा : त्या ८६५ गावांत गावकुसं किती? आकडा तो सांगणार नाही. कारण गावकूस एकच आहे, निपाणीपासून भालकीपर्यंत आणि अलीकडं माझ्या दारापर्यंत.

त्या रात्री म्हातारी परत निघाली तेव्हा तिच्या हातात बाबासाहेबांचा एक फोटो होता, लेकीसाठी घेतलेला. तो इंडीला पोचला की नाही ठाऊक नाही. महाराष्ट्रानं, कर्नाटकानं आणि दिल्लीनं आधी तेवढी एक गाडी चालू ठेवून दाखवावी. मग राज्य करण्याच्या गोष्टी कराव्यात.

जय भीम.