स्थायी चुंबक आणि एका आकड्याचे कौतुक

विजेवर उडणाऱ्या विमानांविषयी जे लिहिले जाते त्यात एका आकड्याची फार चलती आहे : मोटारीच्या दर किलो वजनामागे किती किलोवॅट शक्ती मिळते. २०१५ साली सीमेन्सने ५० किलो वजनाची, २६० किलोवॅटची मोटार जाहीर केली, तेव्हा 'किलोमागे पाच' हे प्रमाण सर्वांच्या डोळ्यांत भरले. आवृत्त्यांच्या संख्येवरून कादंबरीची प्रत ठरवावी, तसा हा प्रकार आहे. आकडा खोटा नाही. पण विमानाच्या मोटारीचे मर्म त्यात नाही, असे आमचे मत आहे.

हा आकडा वाढवण्याचा राजमार्ग म्हणजे वेग. शक्ती हा टॉर्क आणि फेरे यांचा गुणाकार, आणि मोटारीचा आकार ठरतो तो मुख्यतः टॉर्कवरून. तीच शक्ती अधिक फेऱ्यांतून काढली की मोटार लहान होते. मात्र या वेगाची किंमत चुंबक मोजतो. दहा सेंटिमीटर व्यासाचा रोटर मिनिटाला २०,००० फेरे घेऊ लागला, की त्याच्या पृष्ठभागावरचा एक ग्रॅम चुंबक सुमारे बावीस किलोंच्या भाराने बाहेर रेटला जातो; फेरे दुप्पट केले तर भार चौपट. निओडिमियमचा चुंबक भुकटी भाजून घडवलेला असतो. चिनी मातीच्या कपासारखा तो दाब सोसतो, ताण सोसत नाही. म्हणून त्याच्यावर घट्ट वेष्टन आवळावे लागते. ते धातूचे केले तर त्यातच विजेचे प्रवाह भोवऱ्यासारखे फिरून उष्णता निर्माण करतात. कार्बन तंतूंचे केले तर आतली उष्णता कोंडते, आणि तापलेला निओडिमियम आपले चुंबकत्व गमावू लागतो. वेष्टन जाड केले की चुंबक स्टेटरपासून दूर जातो आणि टॉर्क घटतो. समेरियम-कोबाल्ट उष्णतेला पुरून उरतो, पण तो अधिक ठिसूळ आणि बळाने उणा. शिवाय प्रोपेलरची टोके ध्वनीच्या वेगाला भिडू द्यायची नसल्याने त्याला मिनिटाला दोनअडीच हजार फेरेच मानवतात. मग मध्ये गिअरबॉक्स आला, आणि त्याचे वजन कौतुकाच्या आकड्यात बहुधा धरलेलेच नसते. (सीमेन्सची ती मोटार २,५०० फेऱ्यांची, थेट प्रोपेलर फिरवणारी होती. वेगवान नव्हतीच!)

परंतु आमचा खरा मुद्दा 'स्थायी' या विशेषणाचा आहे. साहित्याच्या अभ्यासकाला हा शब्द स्थायीभावामुळे परिचित. स्थायीभाव मनात सुप्त असतो, विभावादिकांनी जागा होतो. चुंबकाचे स्थायित्व याच्या उलट : ते कधी झोपतच नाही. ज्या यंत्रात चुंबकत्व विजेने आणलेले असते, तेथे वीज तोडली की चुंबकत्व संपते. येथे ती सोय नाही. हवेत असताना मोटारीच्या एका वेटोळ्यात शॉर्ट सर्किट झाले आणि वैमानिकाने वीज बंद केली, तरी समोरून येणारा वारा प्रोपेलर फिरवीत राहतो, रोटर फिरतो, आणि चुंबक त्याच बिघडलेल्या वेटोळ्यात प्रवाह ओतत राहतो. मोटार स्वतःलाच जाळू लागते.

यावर उपाय आहेत. फेज एकमेकींपासून अलग ठेवायच्या. वेटोळ्यांचे प्रेरकत्व मुद्दाम वाढवून शॉर्ट सर्किटचा प्रवाह नेहमीच्या प्रवाहाच्या पलीकडे जाऊ द्यायचा नाही. बिघडलेली फेज आपणहून पूर्ण शॉर्ट करायची, म्हणजे एका वेटोळ्यावरचे संकट सर्वांत वाटले जाते. हे सगळे सुज्ञ उपाय वजन वाढवतात किंवा टॉर्क कमी करतात. म्हणजे 'किलोमागे किलोवॅट' ही तागडी नेमक्या विवेकी अभिकल्पकालाच शिक्षा करते.

२०२० साली युरोपीय नियामकाचे प्रमाणपत्र मिळवणारे पहिले विद्युत विमान ठरले ते पिपिस्ट्रेलचे वेलिस इलेक्ट्रो. त्याची मोटार ५७.६ किलोवॅटची, वजन सुमारे २३ किलो : किलोमागे अडीच. याउलट नासाचे एक्स-५७ हे गाजलेले प्रायोगिक विमान चालकयंत्रणेतील संभाव्य बिघाडाचा धोका पत्करण्याजोगा नाही, म्हणून २०२३ मध्ये न उडताच थांबवण्यात आले. तो निर्णय आम्हांस अपयश वाटत नाही.

पुढच्या वेळी कोणी नवी मोटार मिरवू लागले, तर एवढेच विचारावे : एक वेटोळे बिघडले आहे, प्रोपेलर वाऱ्याने फिरतो आहे, धावपट्टी अजून वीस मिनिटे दूर आहे, तोवर ही मोटार काय करते?