ओहोळांचा गाळ आणि विद्यार्थ्यांची सुटी

पहिल्या पावसाच्या दिवशी डिचोली, सत्तरी, सांगे किंवा केपे तालुक्यातील एखाद्या ओहोळाच्या काठी उभे राहावे. वर डोंगरावर खाणीतील टाकाऊ मातीचे ढीग, ज्यांना सारा गोवा ‘डंप’ या एकाच नावाने ओळखतो; आणि खाली भातशेती. एक टन लोहखनिज मिळवावयाचे तर दोन-तीन टन माती उकरून बाजूस टाकावी लागते. ही मोकळी माती, वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस कोसळणाऱ्या प्रदेशात, जागच्या जागी राहील अशी अपेक्षा कोणीही जाणता मनुष्य करणार नाही. ती ओहोळात उतरते, ओहोळातून शेतात आणि नदीत जाते. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने २०१२ साली गोव्यातील खाणी थांबल्या, २०१४ च्या निकालाने त्यांना मर्यादा घातली, २०१८ साली ८८ पट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाले आणि २०२४ पासून डिचोलीत पुन्हा उत्खनन सुरू झाले. या सर्व घडामोडींत खाणी बंद पडल्या आणि उघडल्या. डंपांची धूप मात्र एकाही पावसाळ्यात बंद पडली नाही.

यावर एक उत्तर नेहमी ऐकू येते. गोव्याची माती मुळातच तांबडी, तेव्हा पुराचे पाणी तांबडे असावयाचेच! हे उत्तर सर्वस्वी खोटे नाही, आणि म्हणूनच ते उपयोगी पडत आले आहे. पाण्याचे तांबडेपण किती निसर्गाचे आणि किती खाणीचे, हे वादविवादाने ठरणारे नव्हे. त्यासाठी एकाच ओहोळाचे पाणी डंपाच्या वर व डंपाच्या खाली, एकाच दिवशी, बाटलीत भरून तपासावे लागते. आणि हे एका ओहोळावर नव्हे, शेकडो ओहोळांवर, वर्षामागून वर्षे करावे लागते. एवढी माणसे कोणत्याही प्रदूषण नियंत्रण मंडळाजवळ नाहीत. ती आहेत महाविद्यालयांत, आणि उन्हाळ्यात त्यांना सुटी असते.

ही कल्पना आमची नवी नव्हे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया, वेस्ट व्हर्जिनिया आदी राज्यांत सोडून दिलेल्या कोळसा खाणींतून गंधकयुक्त खनिजे हवा व पाणी यांच्या संयोगाने आम्ल निर्माण करतात, आणि मैलोगणती ओढे नारिंगी होऊन त्यांतील मासे नाहीसे होतात. तेथे १९७७ च्या कायद्याने प्रत्येक टन कोळशावर आकार बसवून जुन्या खाणींच्या दुरुस्तीचा निधी उभारण्यात आला. पुढे खाणविषयक खात्याने नदीखोऱ्यांतील लहान लहान स्थानिक मंडळांना उन्हाळ्यापुरता एखादा विद्यार्थी नेमता यावा म्हणून विद्यावेतनाची सोय केली. पाण्याची आम्लता मोजणे, नकाशे करणे, चुनखडीचे पाट व पाणथळी यांवर देखरेख ठेवणे, ही त्याची कामे. यात भव्य काहीच नाही. परंतु ज्या मंडळाकडे पगारी माणूस एकही नाही, त्याच्या दृष्टीने तीन महिन्यांचा एक विद्यार्थी म्हणजे मोठे बळ होते.

मात्र ही योजना जशीच्या तशी उचलणे शहाणपणाचे होणार नाही. अमेरिकन उन्हाळ्यात ओढे वाहत असतात. आमच्याकडे मे महिन्यात त्यांतील बहुतेक कोरडे पडलेले असतात. खाणीचा गाळ वाहतो तो जूनमध्ये, नेमका महाविद्यालये उघडण्याच्या सुमारास. तेव्हा आमच्या विद्यार्थ्याचा उन्हाळा दोन भागांत विभागला पाहिजे. एप्रिल व मे महिन्यांत कोरड्या पात्रात उतरून साचलेल्या गाळाची खोली मोजावी, कोणत्या ओहोळाला कोणता डंप भिडला आहे याचा नकाशा करावा, गावकऱ्यांच्या मदतीने तारेच्या जाळीतील दगडांचे लहान बांध घालावे आणि गाळ बसावयास तळी मोकळी करावी. मग जूनचे पहिले दोन आठवडे, जेव्हा सर्व शहरवासी खिडक्या लावून घेतात, तेव्हा त्याने छत्री घेऊन ओहोळावर जावे. आपण घातलेला बांध टिकला की वाहून गेला, हे त्याला त्याच आठवड्यात कळेल. विद्यापीठांनी तेवढ्यापुरती हजेरीची सवलत देणे काही अवघड नाही. चार वर्षांच्या पदवी अभ्यासक्रमाच्या २०२२ च्या आराखड्यात उन्हाळी प्रशिक्षणाला श्रेयांक आहेतच. आज त्या श्रेयांकांपायी कोठले तरी प्रमाणपत्र मिळविण्याची जी धावपळ घरोघर चालते, ती आमच्या वाचकांस सांगावयास नको.

आता पैशाचा प्रश्न. आणि आश्चर्य असे की, या बाबतीत पैसा हीच अडचण नाही. २०१५ च्या खाण कायदा दुरुस्तीने प्रत्येक खाण जिल्ह्यात ‘जिल्हा खनिज प्रतिष्ठान’ स्थापन झाले. जुन्या पट्टेधारकांनी स्वामित्वशुल्काच्या ३० टक्के आणि लिलावाने पट्टा घेतलेल्यांनी १० टक्के रक्कम त्यात भरावयाची असते. या निधीच्या अग्रक्रमांत पर्यावरण रक्षण व प्रदूषण नियंत्रण आहे आणि कौशल्य विकासही आहे. ओहोळावरील विद्यार्थी या दोन्ही सदरांत बसतो. दोनशे विद्यार्थ्यांना अडीच महिने, दरमहा १२००० रुपये विद्यावेतन दिले तर खर्च होतो ६० लाख. उपकरणे, विमा आणि मार्गदर्शक धरून एक कोटी. चंद्रपुरासारख्या जिल्ह्यात या प्रतिष्ठानाकडे शेकडो कोटी जमा झाले आहेत. रस्ते व इमारती यांवर त्याचा विनियोग सुलभ होतो, कारण त्यांचे उद्घाटन करता येते. स्वच्छ झालेल्या ओहोळाला फीत बांधावयाची तरी कोठे?

विद्यावेतनाचा आग्रह आम्ही हेतुपुरस्सर धरतो. हे काम ‘सेवा’ म्हणून फुकट करवून घ्यावे असे सुचविणारे पुष्कळ भेटतील. परंतु फुकट सेवा करण्याची ऐपत सुस्थितीतील घरांनाच असते. ज्या मुलाचे वडील खाणीवर टिपर चालवीत होते आणि २०१८ नंतर घरी बसले, त्याला सुटीत दुकानात किंवा हॉटेलात उभे राहून फी जमवावी लागते. त्या ओहोळाची नस मात्र त्यालाच ठाऊक असते. त्याला वगळून पणजी-पुण्याची मुले तेथे छायाचित्रे काढावयास पाठविणे, ही योजनेची थट्टा ठरेल.

एक आक्षेप खरोखर गंभीर आहे. ज्यांनी घाण केली त्यांनीच ती काढावी, हे तत्त्व न्यायालयांनी मान्य केलेले असता, कंपन्यांचा गाळ मुलांनी का उपसावा? आमचे म्हणणे असे की, पट्ट्याच्या हद्दीतील एक टोपलीही विद्यार्थ्याने उचलू नये. तेथील डंप स्थिर करणे हे पट्टेधारकाचे कर्तव्य आहे आणि ते त्याच्याकडून करवून घेतलेच पाहिजे. सोडलेल्या खाणींच्या खोल पाण्याजवळ तर त्याला पाठविणे गुन्हाच होईल. त्याचे क्षेत्र हद्दीबाहेरच्या सार्वजनिक ओहोळाचे. तेथे केलेली मोजमापे मात्र प्रतिष्ठानाने दर वर्षी गावोगावच्या पंचायतीत लावावी, म्हणजे नुकसानभरपाई मागणाऱ्या शेतकऱ्याच्या हाती वर्षांगणिक आकडे असतील. हे काहींना रुचणार नाही, हे आम्ही जाणतो.

चंद्रपुरात इरईच्या व वर्धेच्या काठचे कोळशाच्या मातीचे ढीग हीच कथा काळ्या रंगात सांगतात, आणि तेथे पाऊस गोव्याहून आठवडाभर उशिरा येतो. तेव्हा या वर्षीच्या परीक्षांपूर्वी दोन्ही राज्यांतील प्रतिष्ठानांनी निदान दहा-दहा ओहोळ निवडून अर्ज मागवावे. मार्च उलटला की विद्यार्थी पांगतात. आणि जूनचा पहिला आठवडा कोणत्याही बैठकीच्या सोयीसाठी पुढे ढकलता येत नाही.