तुपाचा कैवार आणि तेलाचे भय

पौष-माघात काशीच्या रामघाटावर गंगेवरून गार वारा येऊ लागला, की घाटामागच्या गल्ल्यांतील मराठी घरांच्या फडताळांत स्निग्ध पदार्थांची एक परीक्षा आपोआप पार पडते. बरणीतले तूप थिजून घट्ट होते. केसांना लावावयाचे खोबरेल बाटलीतून उतरेनासे होते, म्हणून बाटली उन्हात ठेवावी लागते. मोहरीचे तेल, ज्याला त्या भागात ‘कडुआ तेल’ म्हणतात, मात्र तसेच वाहते राहते. थंडी एकच, फडताळही एकच. मग हा भेद का पडावा?

उत्तर ह्या पदार्थांच्या घडणीत आहे. तूप, तेल, लोणी व चरबी हे सर्व ग्लिसरीन आणि स्निग्धाम्ले ह्यांच्या संयोगाने बनलेले आहेत. स्निग्धाम्ल म्हणजे कार्बनच्या अणूंची साखळी. साखळीतील प्रत्येक कार्बनला जेवढे हायड्रोजन धरता येतील तेवढे त्याने धरले असतील, तर ते स्निग्धाम्ल संपृक्त होय. अशा साखळ्या सरळ असतात. रचलेल्या काठ्यांप्रमाणे त्या एकमेकींना लागून बसतात, आणि पदार्थ लवकर थिजतो. काही ठिकाणी हायड्रोजन कमी असेल, तर तेथे दुहेरी बंध येतो व साखळीला बाक पडतो. वाकड्या काठ्यांची मोळी घट्ट बांधता येत नाही, तसेच हे. तुपात संपृक्त स्निग्धाम्ले सुमारे ६० ते ६५ टक्के असतात, खोबरेलात ९० टक्क्यांच्या आसपास. मोहरीच्या तेलात ती अगदी थोडी असतात. माघातल्या थंडीने फडताळात केलेली निवड ती हीच.

हे एवढे ध्यानी धरले, तर ह्या विषयावरचा घरोघरीचा वाद पुष्कळ सोपा होतो. कारण हा वाद बहुधा नावांचा असतो. घरातील वडीलधारी मंडळी म्हणतात, तूप ते तूप. पुरणपोळीवर तुपाची धार नसेल तर ते जेवण कसले! धाकट्या पिढीने कोठे तरी वाचलेले असते, की स्निग्ध पदार्थ हृदयाचे वैरी आहेत. ती वरणावरचे तूप बाजूला सारते आणि दुपारी गल्लीच्या तोंडाशी उभी राहून दोन कचोऱ्या खाते. दोन्ही पक्ष नावे पाहतात. पदार्थाची घडण कशी आहे, तो किती पोटात गेला आणि ताटात येण्यापूर्वी त्याच्यावर काय संस्कार झाले, हे तीन प्रश्न कोणीच विचारीत नाही. खरे पाहता, महत्त्वाचे प्रश्न एवढेच आहेत.

स्निग्ध पदार्थांवाचून शरीर चालत नाही, हे प्रथम स्पष्ट असावे. एक ग्रॅम स्निग्ध पदार्थापासून सुमारे ९ उष्मांक मिळतात. पिठूळ पदार्थ किंवा प्रथिने ह्यांपासून ४. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वे स्निग्धांशाच्या संगतीनेच शोषली जातात, म्हणून गाजराच्या कोशिंबिरीवरची फोडणी ही केवळ चवीसाठी नसते. अमेरिकेत जॉर्ज व मिल्ड्रेड बर ह्या दांपत्याने १९२९ साली दाखवून दिले, की अन्नातून स्निग्धांश पूर्णपणे काढून टाकला तर उंदरांची त्वचा खवल्यांसारखी होते व वाढ खुंटते. लिनोलेइक आणि आल्फा-लिनोलेनिक ही दोन स्निग्धाम्ले माणसाचे शरीर स्वतः बनवू शकत नाही. ती अन्नातूनच मिळवावी लागतात. आईच्या दुधातील जवळजवळ निम्मे उष्मांक स्निग्धांशाचे असतात. निसर्गाने तान्ह्या मुलासाठी केलेली ही योजना पाहिली, म्हणजे मोठ्यांच्या भयापोटी लहान मुलांच्या ताटातले तूप बंद करणे किती अविचाराचे आहे ते कळते. वाढत्या मेंदूला स्निग्ध द्रव्ये लागतात.

परंतु ह्यावरून तुपाच्या कैवाऱ्यांचा जय झाला असे नव्हे. काशीत तर त्यांच्या बाजूला मोठी परंपरा उभी आहे. सुश्रुतसंहितेतील उपदेश काशिराज दिवोदास धन्वंतरीच्या मुखी घातलेला आहे, आणि घृत, तैल, वसा व मज्जा ह्या चार स्नेहांत आयुर्वेद घृताला पहिला मान देतो. (संहितांचा आधार घेणारे लोक मात्रेचा विचार सहसा वाचीत नाहीत, तेथे माणसाचा अग्नी आणि ऋतू पाहून स्नेह द्यावयास सांगितला आहे.) आधुनिक शास्त्राचा आक्षेपही मात्रेपुरताच आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली दिलेल्या सल्ल्याप्रमाणे प्रौढांच्या एकूण उष्मांकांपैकी ३० टक्क्यांहून अधिक स्निग्ध पदार्थांपासून येऊ नयेत, आणि संपृक्त स्निग्धाम्लांपासून १० टक्क्यांहून अधिक येऊ नयेत. दिवसाला २००० उष्मांक घेणाऱ्या माणसाला संपृक्त स्निग्धाम्लांची ही मर्यादा सुमारे २२ ग्रॅम पडते. आता हिशेब करावा. मोठा चमचाभर, म्हणजे १५ ग्रॅम तुपात ती सुमारे ९ ग्रॅम असतात. म्हशीच्या साय न काढलेल्या पेलाभर दुधात आणखी दहा-अकरा ग्रॅम. एवढ्यानेच मर्यादेची सीमा दिसू लागते. पेढे, रबडी आणि हिवाळ्यातील मलइयो अद्याप हिशेबात आलेलेच नाहीत. संपृक्त स्निग्धाम्ले अधिक झाली, की रक्तातील कोलेस्टेरॉल वाहून नेणाऱ्या ‘एल.डी.एल.’ कणांचे प्रमाण वाढते, आणि हे कण रोहिण्यांच्या भिंतींत साचत जातात. चमचा तुपाने कोणाचे हृदय बंद पडत नाही. वाटी तुपाची वीस वर्षे मात्र विसरून चालत नाही.

येथे जाहिरातींविषयी एक शब्द सांगावयास हवा. तेलाच्या डब्यावर ‘कोलेस्टेरॉलमुक्त’ असे ठळक छापलेले असते. कोलेस्टेरॉल हे प्राणिज द्रव्य आहे. वनस्पतीच्या तेलात ते नाममात्रच असावयाचे. भुईमुगाचे तेल कोलेस्टेरॉलमुक्त आहे असे अभिमानाने सांगणे म्हणजे केळ्यात हाडे नाहीत असे सांगण्यासारखे आहे.

तुपाच्या वादात ज्या पदार्थाने खरा घोटाळा केला तो ‘वनस्पती’ होय. जर्मन रसायनज्ञ विल्हेल्म नॉर्मान ह्याने १९०२ साली द्रव तेलात हायड्रोजन मिसळून ते घट्ट करण्याच्या कृतीचे पेटंट घेतले. निकेलच्या सान्निध्यात तापलेल्या तेलातून हायड्रोजन जाऊ दिला, की दुहेरी बंध भरून येतात व तेल तुपासारखे रवाळ होते. विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात हा उद्योग भारतात रुजला. १९३७ साली बाजारात आलेल्या ‘डालडा’चे नाव तर सबंध वर्गालाच मिळाले. महात्मा गांधींसह अनेकांनी ह्या पदार्थाला विरोध केला, परंतु त्यात मुख्य तक्रार फसवणुकीची होती: वनस्पती तुपात मिसळून तूप म्हणून विकले जाई. ती फसवणूक पकडता यावी म्हणून वनस्पतीत ५ टक्के तिळाचे तेल घालण्याची सक्ती झाली. तिळाच्या तेलाचा अंश फुरफुराल व तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल ह्यांच्या योगाने लालभडक रंग देतो. शाळेच्या प्रयोगशाळेत शिक्षकांच्या देखरेखीखाली हा रंग दाखवावा. भेसळीवरच्या दहा व्याख्यानांपेक्षा तो अधिक शिकवील.

वनस्पतीचा खरा दोष मात्र ह्या रंगाने दिसत नाही. हायड्रोजनाचे काम अर्धवट झाले, की काही दुहेरी बंध तसेच राहतात, पण त्यांची ठेवण पालटते. साखळीचा बाक जाऊन ती जवळजवळ सरळ होते. ह्यांनाच ट्रान्स स्निग्धाम्ले म्हणतात. दूध-तुपातही ती थोडी असतात, परंतु कारखान्यातील पदार्थात त्यांचे प्रमाण फार वाढत असे. पूर्वीच्या परीक्षणांत वनस्पती निर्दोष ठरले होते, कारण त्यांत प्राण्यांची वाढ व पोषण ह्यांवर भर होता. रक्तातील कोलेस्टेरॉलवर काय परिणाम होतो, ह्यावर त्यांत भर नव्हता. १९९० साली हॉलंडमध्ये मेन्सिंक व काटान ह्यांनी ५९ निरोगी स्त्रीपुरुषांना तीन-तीन आठवडे निरनिराळ्या स्निग्धाम्लांचा आहार देऊन पाहिले. ट्रान्स स्निग्धाम्लांनी अपायकारक एल.डी.एल. वाढविले, आणि उपकारक ‘एच.डी.एल.’ उलट घटविले. संपृक्त स्निग्धाम्लांनी हा दुहेरी अपाय केला नव्हता. जे घराघरांत तुपाच्या जागी ‘हलके’ म्हणून आले, ते तुपाहून जड निघाले.

त्याची पुरती जाणीव कायद्याला यावयास आणखी तीस वर्षे लागली. भारतात तेले, वनस्पती इत्यादी पदार्थांतील कारखानी ट्रान्स स्निग्धाम्लांची मर्यादा २०२१ साली ३ टक्के झाली आणि २०२२ च्या जानेवारीपासून २ टक्के. दिरंगाईची किंमत मोजली ती स्वस्त मिठाई खाणाऱ्यांनी. सुखवस्तू घरांत साजूक तूप होतेच.

तरी एक कढई उरते. सकाळी कचोरी आणि जिलेबी तळणाऱ्या कढईतील तेल संध्याकाळी तेच असते, आणि दुसऱ्या दिवशी त्यातच नवे तेल ओतले जाते. वारंवार तापलेल्या तेलाशी हवेतील प्राणवायूचा व पदार्थातील पाण्याचा संयोग होतो. ते काळवंडते, दाट होते, त्याला फेस येतो. अशा वेळी निर्माण होणाऱ्या द्रव्यांना ध्रुवीय संयुगे म्हणतात. १ जुलै २०१८ पासून ती २५ टक्क्यांहून अधिक असलेले तेल वापरण्यास बंदी आहे, व वापरलेल्या तेलापासून जैविक डिझेल करण्याची योजनाही त्याच वर्षी सुरू झाली. परंतु दिवसाला ५० लिटरहून अधिक तेल वापरणाऱ्यांनाच त्याची नोंद ठेवावी लागते. गल्लीतला विक्रेता ह्या चाळणीतून सुटतो, आणि त्याला दोष देऊनही भागत नाही. उरलेले तेल रास्त भावाने विकत घेणारा माणूस त्याच्या दारी आला पाहिजे. तो आला नाही तर ते तेल पुन्हा कढईत जाते किंवा गटारातून गंगेत.

घरच्या तेलाविषयी थोडे. महाराष्ट्रातून काशीस आलेल्या कुटुंबाने भुईमूग, करडई आणि तीळ मागे ठेवून मोहरीचे तेल धरले असेल, तर त्यात काही गमावलेले नाही. भुईमुगाच्या तेलात आल्फा-लिनोलेनिक आम्ल जवळजवळ नसते. मोहरीच्या तेलात ते चांगले असते. त्यातील एरुसिक आम्लाने उंदरांच्या हृदयावर परिणाम केल्याचे दिसले होते, म्हणून अमेरिकेत ते खाद्यतेल म्हणून विकता येत नाही; माणसांत तसा अपाय सिद्ध झालेला नाही. एकाच तेलावर न राहता दोन-तीन तेले आलटून पालटून वापरणे बरे.

मात्रेचा हिशेब फडताळाशी उभे राहूनच होतो. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली सुचविलेल्या आहारात २००० उष्मांकांना तेल-तूप मिळून २७ ग्रॅम धरले आहे. चार प्रौढांच्या घरी महिन्याला ते सुमारे सव्वातीन किलो होते. त्यात बरणीतले तूप धरावयाचे, फोडणीचे तेल धरावयाचे, आणि गल्लीच्या तोंडाशी खाल्लेल्या कचोऱ्याही धरावयाच्या.