नववा संदर्भ

गेल्या वर्षीचा टी.ई.चा सेमिनार. स्लाइड्स झकास, बोलणंही बरं झालं. परीक्षक सरांनी रिपोर्ट शेवटून उघडला आणि संदर्भांच्या यादीवर बोट ठेवलं. "बावीसपैकी वाचलेत किती?" "बहुतेक सगळे, सर," मी दडपून सांगितलं. "मग हा नववा कशावर आहे?"

नववा संदर्भ मी त्या दिवशी पहिल्यांदाच पाहत होतो! यादी मागच्या बॅचकडून आली होती, त्यांना ती त्यांच्या आधीच्या बॅचकडून मिळालेली. पिढीजात इस्टेट म्हणा ना. त्यातल्या स्पेलिंगच्या चुकासुद्धा वारशाने आलेल्या.

मार्क गेले. तरी मला वाटायचं, संदर्भ म्हणजे नुसतं पानं भरणं. विषय समजलाय ना, बास! हे मत बदललं ते फार्मसीला असलेल्या ताईमुळे. तिने मला एका पत्राची गोष्ट सांगितली.

१९८० साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये पोर्टर आणि जिक यांचं जेमतेम पाच वाक्यांचं पत्र छापून आलं. रुग्णालयात दाखल असताना अफूवर्गीय औषधं दिलेले ११,८८२ रुग्ण. त्यात पूर्वी व्यसन नसताना ते लागल्याची नोंद फक्त ४ जणांची. एवढंच. औषधं घरी नेऊन महिनोन्‌महिने घेणाऱ्यांबद्दल त्यात अवाक्षर नाही.

पण पुढे एकाने हवाला दिला, म्हणून दुसऱ्याने दिला. २०१७ साली त्याच जर्नलमध्ये काही संशोधकांनी याची मोजदाद मांडली. पत्राचा हवाला ६०८ वेळा दिलेला. त्यातल्या ७२ टक्के ठिकाणी 'व्यसन क्वचितच लागतं' याचा पुरावा म्हणून. आणि ८१ टक्के ठिकाणी हे रुग्ण दवाखान्यात दाखल होते, हे सांगितलेलंच नाही! मधल्या काळात अमेरिका-कॅनडात या गोळ्या सर्रास लिहून दिल्या गेल्या. पुढे अशा औषधांच्या अतिसेवनाने लाखो माणसं गेली. सगळा दोष त्या एका पत्राचा नाही, पण न वाचता दिलेल्या हवाल्यांनी त्याला हातभार लावला, असंच त्या संशोधकांचं म्हणणं.

पाच वाक्यं वाचायला किती वेळ लागतो हो?

म्हणून माझं स्पष्ट मत आहे. संदर्भ देणं म्हणजे "हे मी वाचलंय आणि त्यात असंच लिहिलंय" अशी सही करणं. मूळ पेपर मिळाला नाही, तर जिथे वाचलं त्याचं नाव द्यावं. त्यात कमीपणा नाही. उद्या आपणही कुठल्या तरी रिपोर्टमधला आकडा उचलून पूल बांधणार, मशिन डिझाइन करणार. आणि 'किमान वीस संदर्भ हवेत' हा अलिखित नियम कॉलेजनेही सोडावा. सहाच मागा, पण त्या सहांवर प्रश्न विचारा.

असो. परवा टी.ई.चे ज्युनिअर माझा रिपोर्ट मागायला आले. दिला. फक्त शेवटचं पान काढून ठेवलंय!