पूर्णेचा हिशेब अजून बाकी आहे

परभणी जिल्ह्यातील पूर्णा हे गाव त्याच नावाच्या नदीकाठी, गोदावरीच्या संगमापासून थोड्या अंतरावर वसले आहे. पण मराठवाड्यात पूर्णा म्हटले की नदीच्या आधी जंक्शन आठवते. १९०० च्या सुमारास निजामाच्या राज्यात मनमाड ते सिकंदराबाद ही हैदराबाद-गोदावरी खोरे रेल्वे सुरू झाली. पुढे पूर्णेहून हिंगोलीकडे फाटा निघाला आणि स्वातंत्र्यानंतर तो अकोला-खंडव्यापर्यंत पोहोचला. हे सारे रूळ मीटरगेजचे होते. वाफेच्या इंजिनाला कोळशाइतकेच पाणी लागते आणि त्याहूनही अधिक माणसे लागतात. कोळसा भरणारे, राख उपसणारे, बॉयलर धुणारे, फिटर, फायरमन, खलाशी, सांधेवाले अशा शेकडो हातांच्या मजुरीवर पूर्णेचा बाजार उभा राहिला.

हे मीटरगेज जावे ही मराठवाड्याची मागणी होती, आणि ती सर्वस्वी न्याय्य होती. रुळांतील अंतर एक मीटर. देशाच्या मुख्य मार्गांवर ते १६७६ मिलिमीटर. त्यामुळे मराठवाड्यातून मुंबईकडे जाणारा माल मनमाडला एका डब्यातून उतरवून दुसऱ्या डब्यात चढवावा लागे. वेळ जाई, खर्च वाढे, आणि कारखानदार या प्रदेशाकडे पाठ फिरवी. गोविंदभाई श्रॉफ यांच्या नेतृत्वाखाली मराठवाडा जनता विकास परिषदेने रुंदीकरणाचा प्रश्न वर्षानुवर्षे लावून धरला. नव्वदच्या दशकात मनमाडकडून ब्रॉडगेज पूर्णेपर्यंत आणि पुढे नांदेडकडे गेले. पूर्णा-अकोला मार्गाचे रुंदीकरण २००८ मध्ये पूर्ण झाले. लोकलढ्याने मिळवलेले हे यश आहे. त्याविषयी कुरकूर करण्याचे कारण नाही.

प्रश्न वेगळा आहे. लाभ साऱ्या विभागाचा झाला. त्याची किंमत कोणी चुकती केली? वाफेचे इंजिन गेले, मग मीटरगेज गेले, आणि लोको शेडभोवतीचे जुने काम संपले. २००३ मध्ये दक्षिण मध्य रेल्वेचा नवा विभाग झाला, त्याचे मुख्यालय नांदेडला गेले. पूर्णा आजही जंक्शन आहे, गाड्या थांबतात, प्रवासी चढतात-उतरतात. परंतु गाडी थांबणे निराळे आणि गाडीच्या चाकावर गाव चालणे निराळे.

रेल्वे कामगाराला निदान संघटनेचे कवच होते. १९७४ च्या मे महिन्यात जॉर्ज फर्नांडिस यांच्या नेतृत्वाखाली सुमारे सतरा लाख रेल्वे कामगार संपावर गेले. इंजिनावरील कामगाराला आठ तासांचा दिवस हवा, ही त्या संपाची एक प्रमुख मागणी होती. सरकारने तो तुरुंगाच्या बळावर मोडला. पण १९७७ मध्ये मधु दंडवते रेल्वेमंत्री झाले, तेव्हा बडतर्फ झालेल्यांना त्यांनी पुन्हा कामावर घेतले. काम संपले तर कायम कामगाराची बदली होते, निवृत्त झाला तर पेन्शन मिळते. हे हक्क भीक म्हणून मिळालेले नाहीत, झगडून मिळवलेले आहेत. मात्र त्याच कामगाराच्या पगारावर जगणारा चहावाला, टांगेवाला, शिंपी, किराणा दुकानदार, धुणीभांडी करणारी बाई यांची बदली कोठे होणार? त्यांचे नाव कोणत्याही हजेरीपटावर नव्हते. म्हणून त्यांचे नुकसान कोणत्याही अंदाजपत्रकात आले नाही.

कोणी म्हणेल, काळ बदलतो. मग वाफेची इंजिने कायमची चालू ठेवायची होती काय? हा युक्तिवाद सोपा आहे आणि अर्धवट आहे. यंत्र बदलावे की नाही हा वाद नाही. बदलाचा नफा समाजाचा आणि तोटा एका गावाचा, ही वाटणी कोणत्या न्यायाची, हा वाद आहे. खाजगी मालक असा वागला तर आपण त्याला जाब विचारतो. सार्वजनिक उपक्रमाला तो विचारायचा नाही काय? उलट तेथे आपला हक्क अधिक आहे, कारण मालक आपण आहोत.

यासाठी तीन गोष्टींचा आग्रह धरला पाहिजे. पहिली जमिनीची. २००५ च्या कायदादुरुस्तीने रेल्वेची मोकळी जमीन व्यापारी वापरासाठी देण्याकरिता स्वतंत्र प्राधिकरणाची तरतूद झाली. अशा जमिनीवर बोली लागण्यापूर्वी शाळा, दवाखाना, बाजार, घरकुले यांसाठी त्या गावाचा पहिला हक्क मान्य झाला पाहिजे. दुसरी, एखादे मोठे काम एखाद्या गावातून हलवायचे असेल तर पर्यायी रोजगाराची योजना आधी जाहीर व्हावी, काम नंतर हलावे. तिसरी, नोंद नसलेल्या श्रमिकांसाठी निधी. हे स्वप्नरंजन नाही. महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी कायदा करून ज्याला कायमचा मालकच नाही अशा हमालाची नोंदणी केली आणि मालकांकडून लेव्ही घेऊन त्याच्या भविष्य निर्वाह निधीची सोय लावली. १९७७ मध्ये याच राज्याने रोजगार हमीचा कायदा संमत केला. जे हमालासाठी आणि दुष्काळी मजुरासाठी शक्य झाले, ते गावासाठी अशक्य का मानावे?

हा प्रश्न केवळ पूर्णेचा नाही. शेजारच्या जालना जिल्ह्यात, अंबड तालुक्यातील अंकुशनगरला रेल्वे नाही. तेथील वसती समर्थ सहकारी साखर कारखान्याच्या आधाराने वाढली. जायकवाडीचे पाणी आले, ऊस आला, चिमणी उभी राहिली आणि तिच्या सावलीत दुकाने थाटली गेली. एकाच भोंग्यावर सारा दिवस बेतणे पूर्णेने अनुभवले, तेच साखरेच्या प्रत्येक गावात आहे. ऊसतोडणीची यंत्रे आता फडात उतरली आहेत. कोयत्याचे कष्ट कमी होणार असतील तर त्यांचे स्वागतच करावे. पण तोडणी कामगाराच्या जोडीचे, आणि त्याच्या उचलीवर चालणाऱ्या आठवडी बाजाराचे पुढे काय, हे यंत्र येण्याआधीच ठरले पाहिजे. नंतर विचारणाऱ्याला उत्तर मिळत नाही, हा पूर्णेचा धडा आहे.

मराठवाड्यातील कार्यकर्त्यांनी एवढे काम तरी हाती घ्यावे. आपल्या तालुक्यातील अशा एका-उद्योगी गावांची यादी करावी, तेथील असंघटितांची नोंद घ्यावी आणि ग्रामसभेत, नगरपालिकेत या तीन मागण्यांचे ठराव मांडावेत. रुंद रुळांसाठी झगडलेल्या प्रदेशाला हे जड जाऊ नये.