पाला कडू लागला म्हणून विष उतरत नाही

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत पाऊस लागला की सर्पदंश वाढतात. लावणीला हात चिखलात असतात, बेणणीला पाय गवतात असतात, आणि कसाऱ्याच्या अलीकडे उंबरमाळीसारख्या गावांच्या पाड्यांवर रात्रीचे अंथरूण जमिनीवरच पडते. 2000 ते 2019 या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसे गेली, म्हणजे वर्षाला सरासरी 58 हजार. त्यांतले सुमारे निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबरमधले आहेत.

या विषयावर शहरातून एक मत मोठ्या विश्वासाने मांडले जाते. मंत्राने विष उतरवणाऱ्या भगताकडे पिढ्यान्‌पिढ्यांचे ज्ञान आहे, त्याने वाचवलेली माणसे गावोगाव दाखवता येतात. दवाखान्यातले इंजेक्शन महाग, धोक्याचे आणि इथल्या सापांवर न चालणारे आहे. तेव्हा आदिवासींना त्यांच्या पद्धतीने बरे होऊ द्यावे, असे ते मत. असे सांगणारे स्वतःच्या मुलाला साप चावला तर भगताचे घर शोधत बसणार नाहीत.

या मताचा सगळा भार ‘वाचवलेल्या माणसांवर’ आहे, म्हणून ती माणसे नीट पाहावी लागतात. धामण, दिवड, कवड्या या सापांना माणसाला मारील असे विष नसते. कवड्या तर घराच्या भिंतीतच राहतो, आणि अंगावरच्या पट्ट्यांमुळे कंदिलाच्या उजेडात हमखास मण्यार समजला जातो. कवड्याचे पट्टे मानेकडे ठळक असून शेपटीकडे पुसट होत जातात, मण्यारीचे डोक्यापासून थोडे अंतर सोडून सुरू होतात आणि शेपटीपर्यंत स्पष्ट राहतात; पण अंधारात, घाबरलेल्या घरात हे कोण पाहणार? शिवाय विषारी साप चावला तरी दर वेळी विष सोडतोच असे नाही. देशात सर्पदंशाच्या उपचारासाठी धरला जाणारा ढोबळ अंदाज असा की शंभर दंशांतले सत्तरेक बिनविषारी सापांचे असतात आणि उरलेल्या तिसांतल्या निम्म्यांत विष अंगात जातच नाही. म्हणजे शंभरातली पंच्याऐंशी माणसे काहीही न करता जगणार असतात. ती भगताकडे गेली तर भगताने वाचवली, देवळात गेली तर देवाने.

पाड्यावर विष ‘तपासण्याची’ रीतही याच हिशेबात बसते. रोग्याला कडुनिंबाचा पाला चघळायला देतात. कडू लागला नाही तर विष चढलेले, कडू लागला की उतरले. ज्याच्या अंगात विष नाही त्याला पाला कडू लागणारच, आणि तसा तो लागला की मंत्राचा गुण मानला जातो. ज्याला मण्यार चावली आहे त्याची गोष्ट वेगळी. दंश बहुधा झोपेत होतो, फारसा दुखत नाही, खूणही धड दिसत नाही. पहाटे पोटात दुखते, मग पापण्या जड होऊन मिटतात, बोलणे अडखळते, गिळता येत नाही. अशा माणसाच्या तोंडात पाला कोंबला तर तो श्वासनलिकेत जाऊ शकतो. इथे हा उपाय निरुपयोगी राहत नाही, तो मारक ठरतो. आणि माणूस गेलाच, तर ‘वेळ भरली होती’ किंवा ‘उशिरा आणले’ असे म्हणून तो हिशेबातून वगळला जातो. जिथे यश तेवढे मोजले जाते आणि अपयश कधीच मोजले जात नाही, तिथे कोणताही उपाय रामबाण ठरतो.

पूर्वी हाच वाद विंचवावरून झाला आहे. साध्या विंचवाची कळ काही तासांनी आपोआप कमी होते, म्हणून विंचू उतरवणाऱ्यांचे नाव होई. तांबडा विंचू मात्र हृदयावर आणि फुप्फुसांवर घाव घालतो आणि मुले दगावत. महाड भागात काम करणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी या रुग्णांना प्राझोसिन हे रक्तदाबाचे औषध दिले, त्यावरचा लेख 1986 मध्ये ‘लॅन्सेट’ मध्ये आला, आणि या विंचवाचे बळी झपाट्याने कमी झाले. त्या वेळीही परंपरेचा कैवार घेणारे होतेच.

बाकीच्या आक्षेपांना फार जागा लागत नाही. इंजेक्शनची रिॲक्शन येऊ शकते, म्हणूनच ते अ‍ॅड्रेनलिन हाताशी ठेवून देतात. सरकारी दवाखान्यात ते फुकट मिळते. एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशागणिक बदलते आणि त्यामुळे या इंजेक्शनातली लस कुठे कमी लागू पडते, हे संशोधनातून पुढे आले आहे. पण त्यावर संशोधकांचे उत्तर अधिक चांगली, प्रादेशिक लस हे आहे, मंत्र नव्हे. 2024 मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी परदेशी सहकाऱ्यांसह अनेक सापांच्या विषातील एका घटकाला निष्प्रभ करणारे प्रतिद्रव्य शोधले, तेही अधिक चांगल्या लशीच्याच दिशेने.

आदिवासींच्या ज्ञानाचा मान राखायचाच असेल, तर तो कुठे राखला जातो हेही पाहावे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवरची लस ज्या विषापासून बनते, त्यातले बरेचसे तामिळनाडूतल्या इरुळा आदिवासींची सहकारी संस्था जिवंत सापांकडून काढून देते. ते विष थोडथोडे घोड्यांना टोचून त्यांच्या रक्तातून लस तयार होते. मुंबईच्या हाफकिनमध्येही ती अशीच होत आली आहे. इकडच्या कातकरी आणि ठाकर आदिवासींनाही साप ओळखता येतो, पकडता येतो. हे खरे कसब आहे. भगताच्या दारात माणसे जातात त्याचे कारण बहुतेक वेळा श्रद्धेहून साधे असते: भगत पाड्यावर असतो, डांबरी रस्ता नसतो, आणि डोलीतून नेईपर्यंत रात्र सरते. या अडचणीला संस्कृती म्हणणे हा त्या माणसांवर अन्याय आहे.

तेव्हा करायचे ते थोडके आहे. बाजेवर झोपावे, मच्छरदाणी अंथरुणाखाली खोचावी, रात्री बॅटरीशिवाय बाहेर पडू नये. दंश झाल्यावर घट्ट दोरी बांधू नये, चिरू नये, चोखू नये. चावलेला हात किंवा पाय फळीला बांधून स्थिर ठेवावा आणि 108 ला फोन करावा. भगतालाही यात घ्यावे: आलेल्या माणसाला त्याने आधी गाडीत बसवावे. साप, विंचू किंवा कुत्रा चावल्यावर वैद्यकीय उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणे हा 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, हेही त्याला सांगावे.

दवाखान्याची जबाबदारी याहून मोठी. प्राथमिक आरोग्य केंद्रात पावसाआधीच लस हवी, कारण सुरुवातीलाच दहाएक कुप्या लागतात, आणि लहान मुलालाही मोठ्याइतक्याच. घोणस किंवा फुरसे चावल्याची शंका असेल तर कोरड्या, नव्या काचेच्या नळीत दोन मिलिलिटर रक्त घेऊन ते वीस मिनिटे न हलवता ठेवायचे आणि मग नळी कलती करायची. रक्त गोठलेले नसले तर लस लगेच सुरू करायची. नळी प्लास्टिकची किंवा साबणाने धुतलेली असली तर चाचणी फसते. मण्यारीच्या रुग्णाचा श्वास मंदावला तर अंबू बॅगने हाताने श्वास देत त्याला शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयापर्यंत नेता येते.