निवासमंडप : दांड्यांचा विसर

इब्री लोकांच्या निवासमंडपावर मराठी व्यासपीठांवरून जे बोलले जाते, त्यातील बराचसा भाग अर्थनिर्णय नसून कोशवाचन असते. निळा म्हणजे स्वर्ग, किरमिजी म्हणजे रक्त, पितळ म्हणजे न्याय, अशी यादी वाढत जाते. ४८ फळ्या आणि त्यांच्या चांदीच्या बैठकाही तिच्यातून सुटत नाहीत. साहित्याच्या विद्यार्थ्याला हा दोष ओळखीचा वाटेल. प्रत्येक शब्दाला एकेक अर्थ चिकटवला की कविता हाती उरत नाही. या पद्धतीला आमचा विरोध आहे, कारण तिच्यामुळे निवासमंडपाविषयीची सर्वांत उघड गोष्टच नजरेआड होते : तो तंबू होता.

विश्वाच्या निर्मितीला ‘उत्पत्ती’च्या पुस्तकात दोन अध्याय पुरतात, या तंबूला ‘निर्गम’मध्ये १३ लागतात. त्या सर्व तपशिलांत एक आज्ञा विलक्षण आहे. कराराच्या कोशाच्या कड्यांत घातलेले दांडे कधीही काढायचे नाहीत. कोश परमपवित्रस्थानात विसावलेला असतानाही उचलला जाण्यास सिद्ध असतो. पुढे दाविदाने देवासाठी घर बांधण्याचा बेत केला, तेव्हा नाथान संदेष्ट्याकरवी मिळालेले उत्तर त्याच दांड्यांची आठवण देणारे होते : तंबूतून फिरणाऱ्याने असे घर कधी मागितले होते? ‘इब्री लोकांस पत्र’ लिहिणाराही ख्रिस्ताच्या याजकपणाची मांडणी यरुशलेमेच्या मंदिरावरून करत नाही, रानातल्या तंबूवरून करतो. आणि अखेरीस वाचकांना छावणीबाहेर चालण्यास सांगतो.

मराठी भाषांतराने येथे मोलाचे काम केले आहे. नसरापूर-वेल्हे रस्त्यावरील मार्गासनीसारख्या गावात ‘मंडप’ म्हणजे काय हे कोणाला समजावून द्यावे लागत नाही. लग्नाचा असो वा सप्ताहाचा, मंडप पडतो, माणसे जमतात, आणि तो उतरला की खुंटांच्या खुणा तेवढ्या राहतात. गावाच्या नावाची व्युत्पत्ती काहीही असो, ‘मार्गावरचे आसन’ हा त्याचा कानाला जाणवणारा अर्थ निवासमंडपाला नेमका शोभतो. ‘दर्शनमंडप’ या शब्दाविषयी मात्र आमची तक्रार आहे. मूळ इब्री शब्द ठरलेल्या भेटीचा आहे. दर्शन घ्यायला आपण जातो. भेटीची वेळ आणि जागा येथे देवाने नेमली आहे. वारकऱ्यांच्या भाषेत ‘भेट’ हा शब्द असताना तो दूर ठेवण्याचे कारण नव्हते.

यावर आक्षेप घेतला जाईल की, बसालेलाच्या हातचे सोने, जर आणि तलम सण हे तर वैभवाचेच समर्थन आहे. मग भव्य चर्चांना नाके का मुरडावीत? सौंदर्याला आमचा विरोध नाही. विरोध आहे तो दांडे काढून टाकलेल्या सौंदर्याला. पुण्याच्या कॅम्पातील १८६७ सालचे लाल देऊळ विटा-दगडांचे आणि उंच मनोऱ्याचे आहे. पण त्याचे नाव ‘ओहेल डेव्हिड’, म्हणजे दाविदाचा तंबू. रास्ता पेठेतील ‘सुक्कथ शलोमो’ या नावातही मांडवच आहे. पक्क्या भिंती बांधतानाही यहुदी समाजाने आपण प्रवासी असल्याची आठवण नावात जपली. आमच्या चर्चांच्या कोनशिलांवर ती फारशी आढळत नाही.

राहिला पडदा. मराठी शास्त्रात त्याला ‘अंतरपट’ म्हटले आहे. लग्नात अंतरपट धरतात तो दूर करण्यासाठीच. मंगलाष्टके संपल्यावरही कोणी तो धरून उभा राहिला, तर लग्न लागलेच नाही असे म्हणावे लागेल. ख्रिस्ताच्या मरणसमयी मंदिरातील पडदा फाटल्याचे शुभवर्तमान सांगते. तरीही भारतातील कित्येक चर्चांत जातीनुसार वेगळी आसने मांडली गेली. तमिळनाडूत तर दफनभूमीतही भिंती उठल्या. रंगांचे आणि धातूंचे अर्थ बिनचूक सांगणाऱ्यांनी या अंतरपटाचा अर्थ आधी सांगावा. तो सांगता येत नसेल, तर ४८ फळ्यांचे निरूपण कितीही रसाळ असले तरी ते उपासनेच्या काही कामाचे नाही.